दहा फुटांवरचं सोनं

पेंटरला एखादी वस्तू नीट बघायची असली की तो आधी मागे सरकतो. टपरीवर चहाचा कप हातात आला तरी हात लांब करून, मान तिरपी करून, एक डोळा बारीक करून तो चहाचा रंग तपासतो. तोवर चहावर साय धरलेली असते. पुतणीसाठी स्थळ बघायला पांढरकवड्याला गेला होता. मुलगा नमस्काराला वाकला तसा हा खुर्चीसकट सरकत सरकत भिंतीला टेकला. घरी येऊन निकाल दिला, “पोट्टा चांगला आहे, पण जवळून. दहा फुटांवरून काहीच दिसत नाही त्याच्यात.” ते लग्न झालं, सुखाचंही झालं, पण पेंटरने मत बदललेलं नाही. दिवाळीला जावई आले की हा अंगणाच्या टोकाला उभा राहून त्यांना निरखतो. कधीतरी काहीतरी दिसेल, अशी त्याला अजून आशा आहे.

पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनद, तामसी या मंडलांत जी मराठी बोलणारी गावं आहेत, त्यांतल्या पाच-सात गावांना मिळून असा एक पेंटर असतोच. त्याला नाव असतं, आडनावही असतं, पण ते रेशनकार्डावर. बायकोसुद्धा पोरांना “पेंटर जेवले का?” असंच विचारते. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्यं आखली गेली, किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. यावर गावात अजून पारावर भाषणं होतात. पेंटर त्या भाषणांना जात नाही, कारण त्याचं पोटच या भानगडीवर चाललं. एका किराणा दुकानाला तीन लिपींत पाटी लागायची, म्हणजे गिऱ्हाईक एक आणि कामं तीन. त्याची पद्धत ठरलेली होती. “तेलुगूले वाटी, मराठीले फूटपट्टी, उर्दूले देव.” तेलुगूची गोल अक्षरं तो आमटीची वाटी पालथी घालून आखायचा, मराठीची शिरोरेघ फूटपट्टीने ओढायचा, आणि उर्दू मौलवीसाहेबांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून, श्वास रोखून, उजवीकडून डावीकडे. तीन भाषांत त्याने एवढ्या पाट्या लिहिल्या, पण त्यांतली एकही चुकली म्हणून कोणी तक्रार केली नाही. वाचणारे आपापल्याच भाषेतली ओळ वाचायचे आणि उरलेल्या दोन ओळी शोभेच्या समजायचे.

पुढे फ्लेक्स आलं. एका रात्रीत छापून मिळणारा, नेत्याच्या फोटोसकट येणारा बॅनर पाहिल्यावर हाताने लिहिलेली पाटी कोण घेणार? त्याला शेवटचं मोठं काम मिळालं ते तेलंगणा राज्य झाल्यानंतर, भिंतींवर ‘बंगारू तेलंगाणा’ लिहायचं. सोनेरी तेलंगण. ते त्याने साध्या पिवळ्या डिस्टेंपरने लिहिलं. “सोनेरी पावडरचा भाव माहीत आहे का तुमाले?” तो विचारतो. “त्यांच्या बजेटमध्ये पिवळंच बसत होतं.” त्या भिंतींवरचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला. पेंटरला त्याचं राजकीय दुःख नाही, तांत्रिक दुःख आहे. खाली प्रायमर मारायला दिला नव्हता.

मग तो नाटकाकडे वळला. म्हणजे होता तिथेच, फक्त भिंतीऐवजी माणसं रंगवू लागला. गणपतीतले सजीव देखावे, शिवजयंतीची मिरवणूक, रामनवमी, आणि सुगीनंतरची हौशी नाटकं. पूर्वी कपडेपट नागपूरच्या नाहीतर वडशाच्या ड्रेपरीवाल्याकडून यायचा. पण दिवाळी ते होळी म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा ऐन हंगाम. तेव्हा वडशाकडचे सगळे जिरेटोप, मुकुट आणि राक्षसांचे केस आधीच बुक झालेले असतात. आमच्याकडे येतं ते उरलंसुरलं. एका वर्षी दुर्योधन आला तो राजा हरिश्चंद्राच्या स्मशानातल्या वेषात, आणि लोकांना वाटलं गदायुद्ध झालंसुद्धा.

तोवर कवचं पुठ्ठ्याची असत. पुठ्ठा कापायचा, खळ लावायची, वर बेगड चिकटवायची, टिकल्या मारायच्या, की झाला भीम. पण १९८८ साली टीव्हीवर महाभारत सुरू झालं आणि गावातल्या भीमांना पुठ्ठ्याची लाज वाटायला लागली. उरलेली लाज २०१५ साली ‘बाहुबली’ने काढली. आमच्या पोरांचं शिक्षण मराठीत, हिंदीत, तेलुगूत कशातही होवो, सिनेमा तेलुगूच. त्यांना कर्ण पाहिजे तो बाहुबलीसारखा, अर्जुन पाहिजे तो बाहुबलीसारखा, आणि मिरवणुकीतले मावळेसुद्धा बाहुबलीसारखे. मावळ्यांच्या अंगावर असली सोन्याची छातीकवचं नव्हती, हे सांगायला एक निवृत्त शिक्षक मंडळाच्या बैठकीला गेले होते. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. ठराव झाला: “पुठ्ठा नको. लेदर पाहिजे. गोल्डन.”

तेव्हापासून पेंटरच्या आयुष्यात चामडं आलं, आणि पेंटरच्या बायकोच्या आयुष्यात त्याचा वास.

चामड्याबद्दल त्याची मतं कडक आहेत. जगात दोन जातींचं चामडं असतं, असं तो मानतो, आणि इथे तो बरोबर आहे. एक क्रोमचं: मऊ, लोळणारं, पर्सचं आणि बुटांच्या वरच्या भागाचं. दुसरं सालीचं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा असल्या वनस्पतींनी कमावलेलं. कोल्हापुरी चपलेला असतं तसं. क्रोमचं कवच केलं तर कर्णाच्या छातीवर ते ओल्या बनियनसारखं लोंबतं. सालीचं मात्र कोमट पाण्यात भिजवून मडक्यावर ताणलं, दोऱ्यांनी आवळलं आणि सावलीत वाळवलं की मडक्याचा आकार धरून बसतं. पेंटरच्या सगळ्या वीरांच्या छात्या त्यामुळे एकाच कुंभाराच्या घरच्या आहेत. मारुती, भीम, रावण, सगळे एका मापाचे. अभिमन्यूसाठी मात्र तो गाडगं वापरतो.

सोनं चढवण्याआधी चामडं उघडं करायचं असतं. बाजारातून आणलेल्या चामड्यावर पॉलिश असतं, मेणाचा नाहीतर लाखेसारखा पातळ थर असतो. तेल पाजलेलं असलं तर विचारूच नका. त्यावर रंग बसत नाही, नुसता पाहुण्यासारखा टेकतो आणि पहिल्या वाकण्याला पापुद्रा होऊन निघतो. हा थर काढायला ॲसिटोन लागतं. आदिलाबादच्या बाजारात ते मिळतं, पण पेंटरला घरात सापडतं. पुतणीच्या लग्नाच्या आठवड्यात घरातल्या नेलपॉलिश काढायच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या झाल्या. नवरीच्या नखांवर तीन वेगवेगळे रंग राहिले आणि जटायूची छाती मात्र स्वच्छ झाली.

यानंतर जे चालतं ते बघायला मला आवडतं, आणि पेंटर बघू देतो, फक्त अंतर राखून. लोकांना वाटतं, सोनेरी रंगाचा डबा फोडायचा आणि कुंचला मारायचा. पेंटर आधी तपकिरी मारतो. गेरूकडे झुकणारा, ऊबदार तपकिरी. “खालचा रंग सोन्याचा बाप असतो,” असं त्याचं म्हणणं. काळ्यावर मारलेलं सोनं थंड आणि मळकट दिसतं, पांढऱ्यावर मारलेलं पोरकट, आणि लालसर तपकिरीवर मारलेलं श्रीमंत. युरोपात लाकडावर सोन्याचा वर्ख चढवणारेसुद्धा खाली लालसर मातीचा लेप देतात. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग! त्याहीले कळते.”

सोनेरी पावडरीत सोनं नसतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती पितळेची भुकटी असते, तांबं आणि जस्त. तांबं जास्त तर लाली येते, जस्त जास्त तर फिकटपणा. तिचे कण बारीक गोळ्यांसारखे नसतात, चपट्या चकत्यांसारखे असतात. ओल्या रंगात त्या चकत्या तरंगून वर येतात आणि एकमेकींवर आडव्या निजतात, म्हणून तो भाग एकसंध धातूसारखा दिसतो. ढवळायचं कमी आणि कुंचला फिरवायचा एकाच दिशेने, यामागचं कारण हेच. पेंटर हे कारण वेगळ्या शब्दांत सांगतो: “झोपलेल्या माणसाले हलवू नये.”

आणि ही पितळेची झोप फार काळ टिकत नाही. घाम लागला, तेलाचा हात लागला, की त्यातलं तांबं हिरवं पडतं. एका रामाचे बाजूबंद वनवासात जाताना सोन्याचे होते आणि चौदा वर्षांनी, म्हणजे पावणेतीन तासांनी, अयोध्येत परतताना कडेकडेने हिरवे होते. पेंटरने खुलासा केला, “जंगलात राहून आला ना जी.” हिरवं न पडणारी दुसरी पावडर मिळते, अभ्रकाच्या पापुद्र्यांवर चढवलेली. तिला गंज नाही, पण तिची चमक मोत्यासारखी. पेंटरच्या मते ती बायकांच्या ओठांना ठीक, भीमाच्या पोटऱ्यांना नाही.

पावडर कशात कालवायची, यावर तर त्याचं आणि हार्डवेअरच्या दुकानदाराचं वर्षानुवर्षं वैर आहे. दुकानदार ऑइल पेंट देतो. तो लोखंडी फाटकाला उत्तम, कारण फाटक कमरेत वाकत नाही. कर्ण वाकतो. ऑइल पेंट सुकून कडक होतो आणि वाकल्याजागी भेगा पडतात. त्यापेक्षा लवचिक ॲक्रिलिक बरं, पातळ, एकावर एक. एक जाड थर देण्यापेक्षा पाच पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर सुकल्यावर चामडं हाताने थोडं वाकवून बघावं, मग पुढचा. पेंटर या थराला ‘हात’ म्हणतो. आणि इथेच त्याच्या स्वभावातली ती गोष्ट येते, जिच्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या नाट्यमंडळांच्या सचिवांना रक्तदाब आहे. त्याचा शेवटचा हात नेहमी बाकी असतो.

“झालं का पेंटर?”

“झालं. एक हात बाकी आहे.”

हा संवाद महिनाभर आधी होतो, आठवडाभर आधी होतो, आणि पडदा उघडायच्या क्षणी विंगेतही होतो. पेंटरच्या मते काम संपणं आणि पैसे मिळणं या दोन्ही गोष्टींवर माणसाचा ताबा नाही. पैशाचं तर बोलायलाच नको. हा कापसाचा जिल्हा. इथे लग्नं, घरं, दवाखाने आणि कर्णाची कवचं, सगळ्यांची उधारी एकाच वाक्यावर उभी असते: “कापूस विकला की देतो.” कापूस विकला जातो, पैसे येतात, बियाण्याच्या दुकानात जातात. पेंटर तिथेही लांब उभा राहून ते जाताना बघतो.

आता त्या रात्रीकडे येतो, कारण पेंटरचं चरित्र लिहायला बसलं आणि ती रात्र सोडली तर गाव मला माफ करणार नाही.

नाटक कर्णाचं होतं. महिना जानेवारीचा. तेलंगण म्हटलं की बाहेरच्यांना ऊन आठवतं, आणि उन्हाळ्यात आदिलाबाद पंचेचाळीस अंशांना टेकतंसुद्धा; पण हिवाळ्यात राज्यातली सगळ्यात कडाक्याची थंडी याच पट्ट्यात पडते, काही वर्षी पारा पाचाच्या आसपास येतो. अशा हवेत माणूस सुकतो, रंग नाही. त्यात पेंटरचं ॲक्रिलिक संपलेलं. शेवटचा हात बाकी होताच. मग वैर विसरून तो हार्डवेअरवाल्याकडे गेला आणि ऑइल पेंटचा डबा घेऊन आला.

कवच बाहेरून पूर्ण झालेलं होतं. खाचा भरायला गडद तपकिरी पातळ करून फासला होता आणि वरचा फडक्याने पुसून घेतला होता, त्यामुळे नक्षीचे खड्डे काळसर आणि उंचवटे झळझळीत, अगदी जुनं सोनं. तिथे थांबला असता तर हे व्यक्तिचित्र इथेच आटोपलं असतं. पण तिन्हीसांजेला त्याच्या डोक्यात आलं की कवचकुंडलं देण्याच्या प्रवेशात कर्ण कवच उतरवून इंद्रापुढे धरणार, म्हणजे प्रेक्षकांना आतली बाजू दिसणार. आतली बाजू साधी चामड्याची. सूर्यपुत्राचं कवच आतून चपलेसारखं दिसणार! पेंटरने आतूनही एक हात मारला. ऑइल पेंटचा. सहा वाजता. प्रवेश होता साडेअकराला.

कर्ण म्हणजे आमचा पंचायतीतला कारकून. इंद्र म्हणजे किराणा दुकानदार, ब्राह्मणाच्या वेषात. या कर्णाची त्या इंद्राकडे दोन वर्षांची उधारी होती, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळे इंद्र “भिक्षां देहि” म्हणत आला तेव्हाच पहिली टाळी पडली. कर्णाने भाषण म्हटलं, सूर्याला हात जोडले, आणि छातीवरचं कवच ओढलं.

कवच आलं नाही.

उघड्या छातीच्या उबेने तो अर्धओला रंग चांगला मुरला होता. कर्णाने पुन्हा ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. इंद्र आधी भिकाऱ्यासारखा उभा होता, तो आता मदतीला आला. त्याने एक पाय कर्णाच्या मांडीवर रोवला आणि खालची कड धरली. मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तेवढ्यात ‘चर्र’ असा लांब आवाज झाला आणि कर्णाने जी किंकाळी फोडली, तशी किंकाळी आमच्या रंगभूमीने त्याआधी ऐकलेली नव्हती. कवच इंद्राच्या हातात होतं, त्याच्या आत कर्णाच्या छातीवरचे केस होते, आणि कर्णाच्या छातीवर कवचाचा संपूर्ण सोनेरी ठसा होता. म्हणजे त्याने कवच दिलं, पण सोनं ठेवून घेतलं. दुकानदाराशी त्याचा सगळा व्यवहार याच पद्धतीचा होता, असं मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं.

लोक उभे राहिले. वृद्ध बायका रडल्या. महाभारतात कर्ण जन्मजात कवच शस्त्राने कापून देतो आणि अंग रक्तबंबाळ होतं, ते प्रत्यक्ष डोळ्यांसमोर घडलं होतं. मंडपाच्या मागे, बरोबर दहा पावलांवर, पेंटर डोळे बारीक करून उभा होता. सचिव धावत आला, तर त्यालाच म्हणाला, “अंगातलं कवच हाय ते! थोडी बनियनसारखं निघते?” दुसऱ्या दिवशी कारकुनाने पंचायतीत घरपट्टीच्या पावत्या फाडल्या, त्या सगळ्यांवर सोनेरी बोटं उमटली. काही जणांनी त्या पावत्या देवघरात ठेवल्या. रॉकेलने, टर्पेंटाइनने आणि शेवटी आठवडाभराच्या आंघोळींनी रंग गेला, पण नाभीतलं सोनं होळीपर्यंत टिकलं असं कर्णाची बायको सांगते.

तुम्ही म्हणाल, हा नुसता फसव्या चमकेचा धंदा आहे. मीही त्याला एकदा टोचून बघितलं. त्यावर त्याने मला निर्मलला नेलं. आदिलाबादहून नागपूर-हैदराबाद रस्त्याने दक्षिणेला, घाट उतरून. २०१६ च्या ऑक्टोबरात आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून पेंटर म्हणतो, “जिल्ह्याचं सोनं तिकडे गेलं, आपल्या वाटेला थंडी आली.” निर्मलच्या नक्काशांची खेळणी पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची, चिंचोक्याच्या खळीने सांधलेली, चित्रं काळ्या पाटावरची, आणि त्यांच्यावरचा तो प्रसिद्ध सोनेरी रंग परंपरेने झाडपाल्याच्या रसांतून काढलेला. पुढे तिथेही ड्युको रंग आले. तिथे अशी कथा सांगतात की निजाम निर्मलला आला तेव्हा त्याच्या आसनावर केळफूल टांगलं होतं. दोरी ओढली आणि सोनेरी पाकळ्या त्याच्या अंगावर बरसल्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत ज्याच्या घराण्याची गणती व्हायची, तो नकली सोन्याने खूश झाला! पेंटर ही कथा सांगताना दर वेळी थांबतो आणि विचारतो, “केळफूल किती उंचावर टांगलं असंल?” उत्तर त्याला आधीच माहीत असतं.

मी त्याला बदल्यात स्पेनची गोष्ट दिली. कोर्दोबा शहराचं सोनेरी चामडं एके काळी युरोपभर नावाजलेलं. पुढे नेदरलँड्समध्येही ते बनू लागलं, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांच्या भिंती त्याने मढवल्या जायच्या. त्या सोनेरी चामड्यात बहुधा सोनं नसायचंच. चामड्यावर चांदीचा वर्ख चिकटवायचे, आणि वरून पिवळसर वार्निश द्यायचे की चांदीचं सोनं व्हायचं. पेंटर ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, “भिंतीवर होतं ना? मधी टेबल, खुर्च्या? म्हणजे दहा फूट आलेच.” आता तो गिऱ्हाइकांना सांगतो की स्पेनचे राजे आपल्याच पद्धतीने काम करवून घेत. मागच्या महिन्यात ऐकलं, की ते निर्मलवरूनच शिकून गेले. मी काही बोललो नाही. दंतकथा जिथे तयार होते तिथे आपण मध्ये पडू नये.

आपला दहा फुटांचा नियम त्याने मोडलेला मी एकदाच पाहिला. दिवाळीत गोंडांच्या दंडारी निघतात, गुसाडी नाचणारे येतात. अंगाला राख, खांद्यावर कातडं, आणि डोक्यावर शेकडो मोरपिसांचा तो भला थोरला मुकुट. मार्लवाईच्या कनकराजूंना २०२१ साली याच नाचासाठी पद्मश्री जाहीर झाली. नाच थांबल्यावर पेंटर एका गुसाडीच्या इतका जवळ गेला की नाक पिसांना लागलं. मग मान तिरपी करून उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. मोराच्या पिसातली ती निळी-सोनेरी झळाळी रंगद्रव्याची नसते, पिसाच्या बारीक रचनेवर उजेड कसा परततो त्याची असते, हे मी हळूच सांगितलं. “म्हणजे याले हातच मारावा लागला नाही,” तो म्हणाला. परतताना वाटेत बराच वेळ तो चिडलेला होता.

त्याचे खरे शत्रू दोन: एलईडी आणि मोबाइल. पूर्वी हॅलोजनचा पिवळा उजेड असायचा, त्याआधी तर पेट्रोमॅक्स. पिवळ्या उजेडात पितळसुद्धा माहेरवाशिणीच्या अंगावरचं वाटायचं. आता मंडपवाला पांढरेफेक एलईडी लावतो. त्यात सोनं मोहरीच्या वाटणासारखं दिसतं. पेंटर पिवळी जिलेटिनं खिशात घेऊन फिरतो आणि लाइटवाला जेवायला गेला की दिव्यांवर बांधतो. जेवून आल्यावर लाइटवाला ती सोडतो. नाटकाच्या मध्यावर कर्ण त्यामुळे दोनदा गरीब आणि दोनदा श्रीमंत होतो.

मोबाइलचं दुखणं मात्र जिलेटिनने बरं होणारं नाही. प्रयोग संपला की पोरं रंगमंचावर चढतात आणि कर्णाच्या छातीला गाल लावून सेल्फी घेतात. सहा इंचांवरून. त्या फोटोत कुंचल्याची रेघ न् रेघ दिसते, नक्षीत अडकलेला केस दिसतो, मडक्याचा तळ दिसतो. वर बोटं फाकवून मोठं करून बघतात. “हे पाहा पेंटर, इथं सुटलं.” पेंटरने त्यावर वेगळा कारागीर व्हायचं ठरवलं: चष्मा लावला, बारीक कुंचले आणले, अभ्रकाची पावडरसुद्धा स्वीकारली. एका बाजूबंदावर त्याने सगळा श्रावण घालवला. बाजूबंद सहा इंचांवरून अप्रतिम झाला. दहा फुटांवरून तो रबराच्या वायसरासारखा दिसत होता. त्याने तो मोडून टाकला आणि चष्मा पुतणीच्या पोराला खेळायला दिला.

यंदा त्याने गणेश मंडळाकडे लेखी मागणी केली आहे, तीन भाषांत. रंगमंचासमोर दहा फुटांवर दोर बांधावा आणि प्रयोगानंतरही कोणी तो ओलांडू नये. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. दोर बांधायला मंडळ तयार आहे, दोराचे पैसेही कापूस विकल्यावर द्यायचं ठरलं. अडचण एवढीच की सरपंचांचा आणि प्रमुख पाहुण्यांचा सोफा दरवर्षी रंगमंचापासून चार फुटांवर असतो, आणि तो मागे घ्यायला कोणी धजत नाही. अध्यक्षांनी पेंटरला समजावलं, की एका सोफ्याने काय होतं?

“मग सरपंचाले सांगा,” पेंटर म्हणाला, “डोळे बारीक करून बसा. आणि तवर ते कवच घेऊ नका कोणी, एक हात बाकी आहे.”